चार नंबरचं नाव

माझ्या मुलीने, ऋतुजाने, पेणच्या कॉलेजविरुद्ध बावीस गुण केले, आणि त्या अख्ख्या मॅचभर माईक माझ्या हातात असूनही मी तिचं नाव एकदाही घेतलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं यातूनच झालं.

मी जगन. रोह्याला लागून वरसे, आणि वरशाच्या पुढे आमचं गाव. पावसाळ्यात भात, थंडीत वाल, आणि बाराही महिने कीर्तन. वेड वडिलांचं. महिपती नाव त्यांचं. कुठे कीर्तन आहे कळलं की जेवण अर्धं टाकून निघायचे आणि मला खांद्यावर घ्यायचे. पुढे मी कुंडलिकेच्या पुलापलीकडच्या अष्टमी गावात कीर्तनकार काशीबाईंपाशी बसून थोडंफार शिकलो. आता वर्षाला पाच-सहा कीर्तनं स्वतः करतो. मोठा बुवा नाही मी. पण देवाने आवाज दिलाय. लाइट जाऊन लाउडस्पीकर बंद पडला तरी शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला आख्यान कळतं, एवढा दिलाय.

बास्केटबॉल घरात आणला तो ऋतुजाने. ती रोह्याच्या कॉलेजात एस. वाय.ला, संघाची कप्तान, चार नंबरची जर्सी. अमेरिकेतल्या मोठ्या लीगच्या मॅचेस आपल्याकडे सकाळी लागतात, त्यामुळे आमच्या घरी साखरेच्या डब्याला मोबाईल टेकवून चहा होतो. मॅच थांबली की कोट घातलेले चार पुरुष टेबलाशी बसून भांडायला लागतात.

"हे कोण गो?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"तज्ज्ञ आहेत, बाबा."

"आणि भांडतायत कशापायी?"

"जुना खेळाडू मोठा की नवा मोठा, त्यावर."

मला ते फार आवडलं. आमच्याकडेही ध्रुव मोठा की प्रल्हाद मोठा यावर लोकांनी पारावर अख्खी दुपार काढलेली आहे. त्या चौघांतला एक टकला जे भाकीत करायचा त्याच्या नेमकं उलटं व्हायचं, आणि दुसऱ्या दिवशी तो तितक्याच ठसक्यात परत यायचा. मी म्हणायचो, श्रद्धा असावी तर अशी. मग माझीही मतं तयार झाली. मी जुन्याच्या बाजूचा, ऋतुजा नव्याच्या, आणि सरू, माझी बायको, चहा थंड होतोय या मताची.

नितेशचं अष्टमीत मोबाईलचं दुकान आहे. 'कुंडलिका कोर्ट' नावाचं यूट्यूब चॅनेल तो चालवतो. कॉलेजच्या मॅचेस दाखवायच्या, आणि रविवारी त्यावर गप्पा. त्याचा कॉमेंट्री करणारा पोरगा कंपनीत लागला, नेमकी दुसरी शिफ्ट. तेव्हा नितेश माझ्याकडे आला.

"बुवा, दीड तास बोलायचं हाय, मध्ये थांबायचं नाय, आणि लोक उठून जायला नाय पायजेत. तुमच्याशिवाय कोण हाय?"

"मला नियम अर्धेच येतात रे."

"लोकांना पावच येतात."

गेलो. माईकसमोर उभं राहायचं म्हणजे जे अंगवळणी पडलंय ते माझ्याने सुटेना. चपला काढून ठेवल्या, माईकला हात लावून कपाळाला लावला. पोरं हसली. हसू देत. कीर्तनकार उभा राहतो ती नारदाची गादी असते, आणि बोलायला उभं राहायची दुसरी रीत मला कुणी शिकवलेली नाही. दोन मॅचेसमध्ये लोकांनी मला उचलून धरलं. बॉल चाललाय तोवर भरधाव बोलायचं, टाइमआउट झाला की दृष्टान्त द्यायचा. महाडची एक मुलगी बॉल कुणालाच देत नव्हती, तेव्हा मी मोहरांच्या हंड्यावर बसलेल्या कंजुषाची गोष्ट सांगितली. पुढच्या क्वार्टरला तिने पास द्यायला सुरुवात केली. लाउडस्पीकर मैदानात ऐकू जातो ना.

मग आली पेणची मॅच, आमच्या मैदानावर.

पेण आणि रोहा यांचं कधीपासून बिनसलंय ते कुणालाच ठाऊक नाही. पेणकर म्हणतात, रोहेकर नुसते आवाजावर जिंकतात. आमचे म्हणतात, गणपती रंगवून रंगवून पेणकरांच्या हाताला रंगाची सवय, बॉल निसटायचाच. त्या दिवशी कंपाउंडच्या भिंतीवरही माणसं बसली होती. पेणची एक उंच मुलगी आहे, नूतन. वडिलांचं मिठागर. चालते अशी की जमिनीला विचारून पाऊल टाकते, आणि रिंगखाली गेली की वीज. चांगलं दिसलं की तोंडातून चांगलं निघणार, तिथे पेण-रोहा मला सुचत नाही. मी ओरडलो, "आली, आली, पेणची नूतन आली! एक आडवी, दुसरी आडवी, अहो चक्रव्यूहात शिरावं तर असं हसत शिरावं! वर गेली, वर गेली, आणि पडला-आ-आ!" भिंतीवरच्या आमच्याच माणसांनी माझ्या नावाने शंख केला.

आमच्या दिशाने दोन लांबचे टाकले, तिलाही मी डोक्यावर घेतलं.

आणि चार नंबरकडे बॉल आला की माझी जीभ टाळूला चिकटायची. गादीवरून स्वतःच्या घरचं कौतुक करायचं नाही, हे माझ्या हाडात आहे. देवासमोरच्या ताटात आपली भाकर सरकवण्यासारखं ते. ऋतुजा तिघींमधून निघून लेअप टाकायची, मैदान उभं राहायचं, आणि मी अगदी खालच्या पट्टीत म्हणायचो, "रोह्याचे दोन गुण. पुढे." काही वेळा तेवढंही नाही. बॉल परत पेणकडे जाईपर्यंत मी पाण्याचा घोट घ्यायचो. मनात म्हणत होतो, जगन, काय मर्यादा राखलीस!

आम्ही चोपन्न, ते अठ्ठेचाळीस. ऋतुजाचे बावीस.

घरी आल्यावर ती जेवून थेट झोपायला गेली. मला वाटलं, दमलीय.

चार दिवसांनी विद्यापीठाच्या संघाच्या सराव शिबिराची यादी आली. संघात जायचं तर शिबिराला बोलावणं यावं लागतं, आणि ऋतुजा अकरावीपासून त्याच एका बोलावण्यासाठी पहाटे पळायला जात होती. निवडणाऱ्यांना प्रत्येक गावी येणं जमत नाही, म्हणून त्यांनी कॉलेजांकडून पाच-पाच मिनिटांची रील मागवली होती; आमच्या कॉलेजची नितेशने कापून दिली होती. त्यावरून नऊ नावं काढली. पेणची नूतन होती. आमची दिशा होती. ऋतुजा नव्हती. खाली लिहिलं होतं, उरलेली तीन नावं झोनच्या फायनलची रील पाहून.

ओटीवर मी भाताच्या गोणी शिवत होतो. ती आली आणि मोबाईल माझ्यासमोर धरला.

"ही रील बघा."

मी बघितली. पाच मिनिटं. नूतन पाच वेळा, दिशा दोन वेळा, बाकी इकडचं तिकडचं. ऋतुजा एकदा दिसली, ती नूतनला पाणी देताना.

"हे नितेशनं असं कसं केलं?" मी म्हणालो.

"नितेशदादाने नाही. तुम्ही केलं."

"मी?"

"बावीस, बाबा. बावीस! पेणच्या चॅनेलवाल्याने त्याच्या कार्यक्रमात काय म्हटलं ऐकलंत? 'रोह्याच्या कप्तानाबद्दल रोह्याच्याच कॉमेंटेटरला बोलायला काही सापडलं नाही, मग आम्ही काय बोलणार?' तीन हजार लोकांनी बघितलंय ते."

"अगो, मी कौतुक केलं असतं तर लोक म्हणाले असते, बाप हाय म्हणून..."

"लोकांना माहितीये का तुम्ही बाप आहात ते? पेणात कुणाला माहितीये? त्यांना एवढंच कळलं की चार नंबर कामाची नाही." तिचा आवाज फाटला. "दुसऱ्याची मुलगी दिसली की चक्रव्यूह. आणि माझ्या वेळेला पाणी पिता. मी मोजलंय. सहा वेळा पाणी प्यायलात तुम्ही!"

ती आत गेली. सरू दारात उभी होती. ती म्हणाली, "मर्यादा बरी राखलीत. आता पोरीचं वर्ष राखा." आणि तीही आत गेली.

मी सायकल काढली आणि नितेशचं दुकान गाठलं. तो बिचारा ओशाळला होता. त्याने मला लॅपटॉपवर एक पट्टी दाखवली. हिरव्या रंगाची, आडवी, मध्ये मध्ये टोकं वर आलेली.

"हा तुमचा आवाज, बुवा. दीड तासाची मॅच परत कोण बघणार? मला दुकान हाय. म्हणून मी काय करतो, जिथं जिथं डोंगर दिसतो तिथं जातो, तेवढा तुकडा कापतो. तुम्ही ओरडलात म्हंजे काहीतरी झालं. आजपर्यंत कधी चुकलं नाय."

"आणि ऋतुजा?"

त्याने बोट ठेवलं. डोंगर, डोंगर, आणि मध्ये एकदम सपाट, भातशेतासारखं. "ही ऋतुजा. ही पण ऋतुजा. ही पण. मला वाटलं बॉल बाहेर गेला असेल."

बावीस गुणांची जागा मी डोळ्यांनी बघितली. पीक कापून नेल्यावर उरतं तशी.

"रील परत पाठव."

"विचारलं मी, बुवा. आता फायनलचीच घेणार म्हणाले. पेणात, रविवारी. पोचलोय ना आपण."

तिथून मी काशीबाईंकडे गेलो. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. गुडघे गेल्यामुळे आता उभ्या राहत नाहीत, पण अजून कुणी गादीवर चुकलं तर त्याला बोलावून घेतात. मला बोलावलं नव्हतं, मीच गेलो. मोड आलेल्या वालाची परात पुढ्यात घेऊन त्या सोलत बसल्या होत्या. मी पाया पडलो आणि मूठभर वाल पुढे ओढले. सोलता सोलता सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, त्या म्हणतील, मर्यादा राखलीस, बाकी देवावर सोड.

त्यांनी हातातली डाळिंबी परातीत टाकली.

"तुझं पयलं कीर्तन आठवतं का तुला? मारुतीच्या देवळात."

"आठवतं की."

"कीर्तन उभं ऱ्हायच्या आधी महिपती पुढं आला आणि तुझ्या पाया पडला. बाप तुझा. साठीचा माणूस."

ते मी कसा विसरेन? मी मागे सरलो होतो, काशीबाईंनीच मला पाठीत हात लावून जागेवर धरलं होतं. गादीवर उभा राहील त्याच्या पाया पडायचं, मग तो कोण का असेना, ही रीत.

"मग त्या वेळेला तू त्याचा पोरगा व्हतास का?"

"नाय."

"नव्हतास. गादीवर पोरगा नसतो. मग परवा माईक घेऊन उभा ऱ्हायलास तेव्हा तिचा बाप कुठनं झालास रे?"

मी परातीतले वाल चिवडत राहिलो.

"तू म्हणतोस मी बाप म्हणून कौतुक केलं नाय. अरे, बाप म्हणूनच गप ऱ्हायलास! बापाला घरी ठिवायचं सोडून संगती घेऊन गेलास, आणि वर म्हणतोस मर्यादा. माझा भाऊ केरू तीस वरसं माझ्या तबल्याला. ठेका सुटला तर चार माणसांत थांबून सांगायची, 'केरू, मात्रा खाल्लीस.' झकास वाजवला तर 'वा केरू' पण म्हणायची. लोकांना वाटायचं या बाईचं आणि त्या तबलजीचं काय नातंच नाय. तेच पायजे असतं." त्यांनी परात माझ्याकडे ढकलली. "जे झालं ते सांगायचं. जेवढं झालं तेवढं. चांगलं तर चांगलं, वायट तर वायट. सोल आता, नुसता बसू नको."

अख्खी परात सोलून मी उठलो.

घरी ऋतुजाला एवढंच म्हणालो, "रविवारी मी बोलणार हाय. दिसेल ते बोलणार हाय. चुकलीस तर ते पण."

"बघू," ती म्हणाली. भांडणानंतरचा तो तिचा पहिला शब्द.

रविवारी आम्ही टेम्पोने पेणला गेलो. पेणच्या कॉलेजचं कोर्ट सिमेंटचं, नवं रंगवलेलं, खुर्च्या मांडलेल्या. हे कबूल करावं लागेल, मांडणी त्यांचीच. पण दोन चॅनेलना मिळून टेबल एकच. 'पेण टाइमआउट'वाला विशाल तिथे बसला होता. तोच तो, बोलायला काही सापडलं नाही म्हणणारा. पंचवीस-सव्विसाचा, दाढी कोरलेली, बोलण्यात सुरी. ठरलं असं की माईक दोघांनी वाटून घ्यायचा.

"या काका. तुम्हीच का ते कीर्तनवाले? आमच्या नूतनवर काय बोललात तुम्ही! आईला मी चार वेळा ऐकवलं."

"पुण्य लागलं असेल."

"आज पण असंच बोला आमच्या पोरींवर."

"खेळल्या तर बोलू," मी म्हणालो आणि चपला काढल्या. त्याने माझ्या पायांकडे बघितलं, मग सिमेंटकडे. ऊन तापलं होतं. पण काही बोलला नाही.

मॅच सुरू झाली. पहिल्याच मिनिटाला ऋतुजाने नूतनच्या हातातून बॉल काढला, एकटी धावली आणि टाकला. सवयीने हात पाण्याच्या बाटलीकडे गेला. दीड सेकंद असेल, पण मला वडील दिसले, मारुतीच्या देवळात वाकलेले. हात मागे घेतला.

"चार नंबर!" माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "रोह्याची चार नंबर, ऋतुजा! ससाण्याने चिमणीच्या चोचीतला दाणा न्यावा तसा बॉल नेला आणि रिंगणात घातला! बघा हो पेणकर, बघून घ्या!"

कोर्टावर ऋतुजा परत फिरता फिरता अडखळली. एकदा टेबलाकडे बघितलं. मग धावली.

तिथून मग मी काही मागे ठेवलं नाही. तिने दिशाला पाठीमागून पास दिला, मी म्हणालो, "न बघता दिला, विश्वासाने दिला!" तिने उतावीळपणे बॉल घालवला, तर म्हणालो, "चार नंबर, घाई! पाहुणे यायच्या आत पान वाढायचं नसतं!" पेणची माणसं हसली. दुसऱ्या क्वार्टरला तिने दोन फ्री थ्रो घेतले आणि दोन्ही घालवले. "दोन्ही गेले," मी म्हणालो, "कुणी आडवं नव्हतं, वारा नव्हता, हे रोह्याच्या कप्तानाला शोभलं नाही."

विशालने माईक झाकून विचारलं, "काका, त्या चार नंबरवर एवढे का डाफरताय? तुमची पाटी फोडलीय का तिने?"

"चुकली म्हणून बोललो."

"पण खेळते राव," तो म्हणाला. "मागच्या वेळेला तुम्ही तिच्याबद्दल काहीच बोलला नव्हतात."

"मागच्या वेळेला मी चुकलो."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. मग माईक घेतला आणि पेणच्या बाजूने किल्ला लढवायला लागला. पोरगा बोलतो चांगला. माहिती पक्की, कुणी किती टाकले, कुणाचे किती फाउल, सगळं पाठ. तो हिशेब सांगायचा, मी गोष्ट. तिसऱ्या क्वार्टरपर्यंत लोक मॅच बघत होते आणि आमच्याकडेही बघत होते. नूतनने आमच्या दोघींच्या डोक्यावरून टाकला तेव्हा मी उभा राहून ओरडलो, आणि ऋतुजाने लगेच त्याला उत्तर दिलं तेव्हा विशाल उभा राहिला. मग दोघेही बसलोच नाही.

शेवटचे सहा सेकंद. पेण एक्कावन्न, रोहा पन्नास. बॉल आमचा.

विशालने माईक माझ्याकडे दिला. "तुमचा बॉल, काका. तुम्ही बोला."

दिशाने आत टाकला, ऋतुजाने घेतला. "घेतला चार नंबरने! पाच सेकंद! समोर नूतन, रस्ता बंद! डावीकडे दाखवलं, उजवीकडे निघाली, नूतन मागे! दुसरी आली, तिला गोल फिरून चुकवलं! अरे कोण अडवणार, कोण अडवणार हिला! उडाली, ऋतुजा उडाली, हात रिंगला..."

बॉल रिंगच्या कडेवर बसला. एक फेरी घेतली. दुसरी घेतली. बाहेर पडला.

शिट्टी झाली.

अख्खं पेण नाचत कोर्टात उतरलं. माझ्यातला बाप दाराशी येऊन उभा होता, माईक सोडून पळ म्हणत होता. मी त्याला तिथेच थांबवलं आणि जेवढा आवाज शिल्लक होता तेवढा सगळा लावला. "गेला! रोह्याच्या चार नंबरचा नेम गेला! दोघींना चुकवलं, रस्ता काढला, वर पोचली, आणि एका बोटाने चुकली! पेण जिंकलं! जिंकलेल्यांनो, नाचा, तुमचा हक्क आहे, पण तुम्हाला शेवटच्या सेकंदापर्यंत घाम फोडणारी ती बघा तिथे बसलीय, ऋतुजा, आज एकोणीस गुण! तिलाही हात जोडून जा!"

आणि खरं सांगतो, पेणच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी नाही. पण नूतन गेली, ऋतुजाला हाताला धरून उठवलं, आणि मग बऱ्याच जणांनी वाजवल्या.

मी माईक खाली ठेवला, कपाळाला लावून. चपला घातल्या. आणि विशालला म्हणालो, "ती माझी मुलगी."

"कोण?"

"चार नंबर."

विशालने एकदा माझ्याकडे, एकदा कोर्टाकडे बघितलं. मग म्हणाला, "काका, फ्री थ्रोच्या वेळेला तुम्ही तिला काय बोललात, आणि... आयला!" आणि वाकून माझ्या पायाला हात लावायला गेला. मी त्याला मध्येच धरला. म्हटलं, "आता नको. आता मी खाली उतरलोय."

परत येताना टेम्पोत सगळ्या मुली गप्प होत्या. नितेश मांडीवर लॅपटॉप घेऊन कापत बसला होता, कारण रील सोमवारी द्यायची होती. हिरव्या पट्टीवर या वेळेला डोंगरच डोंगर. त्यातला सर्वांत उंच अगदी शेवटी होता.

नितेशने घसा साफ केला. "ऋतुजा, हा शेवटचा तुकडा. मी काय म्हणतो, बॉल रिंगवर बसतो ना, तिथंच कापू? पुढं गेला का ऱ्हायला, बघणाऱ्याला कळणारच नाय."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बोलायचं खूप होतं, पण विचारलं तिला होतं.

ऋतुजा पुढे सरकली, लॅपटॉपवर ते सहा सेकंद बघितले. माझा आवाज टेम्पोभर घुमला, गेला! म्हणून सगळ्यांना परत एकदा सांगून गेला. दिशाने कान झाकले.

"ठेव," ऋतुजा म्हणाली.

"अगो, पण चुकलेला..."

"चुकलेलाच आहे तो. बाबा पण तेच म्हणतायत. ठेव अख्खा." आणि मग माझ्याकडे वळून, "आणि बाबा, फ्री थ्रोच्या वेळेला वारा होता."

"नव्हता."

"होता थोडा."

"झेंडा हालत नव्हता गो."

दिशा खुदकन हसली, मग मागची एक हसली, आणि टेम्पोत परत मुलींचा गलका सुरू झाला. हरलेला संघ होता, पण कोलाडला वडापाव मात्र जिंकल्यासारखे खाल्ले.

यादी गुरुवारी आली. सरूने मला रोह्याच्या बाजारात हळद आणायला पाठवलं होतं, आणि दुकानातच फोन वाजला. ऋतुजा बोलत होती की रडत होती ते पहिल्यांदा कळेचना. तीन नावांतलं दुसरं तिचं. निवडणाऱ्या मॅडमनी तिला स्वतः फोन केला होता. म्हणाल्या, शेवटच्या सहा सेकंदांत दोघींना ज्या तऱ्हेने चुकवलंस ते बघून घेतलं तुला. बॉल आत घालायला आम्ही शिकवू, ते दुसरं शिकवता येत नाही.

मी दुकानात तसाच उभा राहिलो. डोळे भरले, देवाचं नाव घेतलं. हळदवाल्याने विचारलं, "काय झालं बुवा, कोण गेलं का?"

"गेलं नाय रे! माझी पोरगी, ऋतुजा, विद्यापीठाच्या शिबिराला निघाली! बास्केटबॉल! बावीस गुण केले व्हते तिनं पेणवर! आणि फायनलला एकोणीस!"

बाजारात माईक नव्हता आणि गादीही नव्हती. मी नुसता बाप होतो, आणि इतक्या दिवसांचं साठलेलं होतं. हळदवाल्यानंतर शेजारच्या कापडवाल्याला सांगितलं. न्हाव्याला सांगितलं, त्याच्या खुर्चीत साबण लावून बसलेल्या गिऱ्हाइकाला सांगितलं. सुकी मासळी विकणाऱ्या धोंडुबाईला सांगितलं, तिने विचारलं बास्केटबॉल म्हणजे काय, तर टोपली हातात घेऊन तेही सांगितलं. "म्हंजे टोपलीत टाकायचं," ती म्हणाली, "मग त्यात काय मोठं?" तेव्हा तिला उभं करून, समोर तिची बहीण आडवी घालून, डावीकडे दाखवून उजवीकडे कसं निघायचं ते करून दाखवलं. दोन बोंबील सांडले. ते मी विकत घेतले.

परत फोन वाजला.

"बाबा, कुठे आहात तुम्ही? मी क्लासला चाललेय, तर एसटी स्टँडवर एका अनोळखी माणसाने मला हाक मारली, 'ए चार नंबर' म्हणून. तुम्ही कुणाकुणाला सांगितलंत?"

"थोड्यांनाच."

"बास करा आता. घरी या. आई हळदीची वाट बघतेय."

"बास काय गो?" मी म्हणालो. पूल समोरच दिसत होता. "अजून अख्खी अष्टमी बाकी हाय."